घुमट, धूर आणि कात्री

दुसऱ्या महायुद्धातील लंडन म्हटले की एक छायाचित्र हटकून समोर येते. धुराचे प्रचंड लोट चहूबाजूंनी उसळले आहेत आणि त्यांच्या मधोमध, उजळलेल्या आकाशाच्या एका तुकड्यापुढे, सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट आणि दोन मनोरे जसेच्या तसे उभे आहेत. ‘डेली मेल’ या दैनिकाचे वृत्तछायाचित्रकार हर्बर्ट मेसन यांनी २९ डिसेंबर १९४० च्या हवाई हल्ल्याच्या रात्री ते टिपले आणि ३१ डिसेंबरला ते छापून आले. हे या युद्धातील सर्वांत थोर छायाचित्र आहे आणि जळत्या लंडनच्या मध्यभागी सेंट पॉल्स सुरक्षित उभे आहे, अशा आशयाचा मथळा दैनिकाने त्यावर दिला. तेव्हापासून ब्रिटिश जनतेच्या न खचणाऱ्या जिद्दीचे प्रतीक म्हणून हे चित्र पुस्तकांत, प्रदर्शनांत आणि टपालकार्डांवर झळकत आले आहे. हे चित्र छापण्यापूर्वी त्यावर बरेच हस्तकाम झाले होते, हे आता जाणकारांमध्ये सर्वमान्य आहे. त्यावरून लगेच खरे-खोटेपणाचा वाद उभा राहतो. माझ्या मते त्या वादात आपण चुकीच्या जागी बोट ठेवतो. या चित्राचा अर्थ रंगाच्या ब्रशने फारसा बदलला नाही. तो बदलला कात्रीने आणि मथळ्याने. हे एकदा नीट समजले, की कोणतेही दस्तऐवजी छायाचित्र कसे वाचावे याची एक पक्की रीत हाती लागते.

आधी त्या रात्रीच्या घटना पाहू. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर बाँबहल्ले सुरू होते. पहिल्या सत्रात तर सलग ५७ रात्री शहराने भोंगे ऐकले. २९ डिसेंबरचा हल्ला मात्र वेगळ्या जातीचा होता. ती रविवारची, शिवाय नाताळनंतरची रात्र होती. ‘सिटी’ म्हणून ओळखला जाणारा लंडनचा जुना गाभा, म्हणजे बँका, गोदामे, छापखाने आणि जुनी चर्चे यांनी दाटलेला जेमतेम चौरस मैलाचा भाग, त्या रात्री जवळपास रिकामा होता. कचेऱ्यांना कुलपे होती. जर्मन विमानांनी मुख्यतः आगलावे बाँब टाकले. साधारण किलोभर वजनाचा, मॅग्नेशियमच्या कवचाचा हा बाँब हातात सहज मावेल एवढा असे. वेळीच सापडला तर वाळूने किंवा पाण्याच्या हातपंपाने एखाद-दोन माणसे तो विझवू शकत. पण कुलूपबंद इमारतीच्या छपरावर तो पडला, तर त्याच्यापर्यंत पोचणार कोण? एकेक छप्पर पेटत गेले आणि पाहता पाहता शेकडो आगी एकमेकींत मिसळल्या. पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या. त्यात थेम्स नदीला मोठी ओहोटी होती. पंपांच्या नळ्या पाण्यापर्यंत नेताना अग्निशामक जवान चिखलात रुतत होते. कॅथीड्रलला लागून असलेल्या पॅटर्नॉस्टर रोवर लंडनच्या पुस्तकव्यवसायाची गोदामे होती. तिथली लक्षावधी पुस्तके खाक झाली. सिटीच्या नगरसभागृहाचे, मध्ययुगीन गिल्डहॉलचे, छप्पर गेले, सेंट पॉल्सचेच वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी बांधलेली कित्येक चर्चे जळाली. दीडशेहून अधिक नागरिक मरण पावले आणि आग विझवताना अग्निशामक दलाचे जवानही गेले. लंडनकर या रात्रीला १६६६ च्या महाआगीची जोड देत आले आहेत, ते उगीच नव्हे.

मेसन त्या रात्री फ्लीट स्ट्रीटच्या परिसरातील आपल्या दैनिकाच्या इमारतीच्या गच्चीवर होते. त्यांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार घुमट मधूनच दिसे आणि पुन्हा धुरात हरवे. ते कॅमेरा रोखून थांबले. वारा सुटला, धुराचा पडदा क्षणभर बाजूला झाला, क्रूस, घुमट आणि मनोरे स्वच्छ दिसले आणि त्यांनी कळ दाबली. यात बनाव कुठेच नाही. चर्च तिथेच होते, आग तिथेच होती, छायाचित्रकारही तिथेच होता. वाट पाहणे आणि क्षण निवडणे हा तर छायापत्रकाराच्या कामाचा प्राणच. तरीसुद्धा एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या रात्रीचा बहुतेक वेळ गच्चीवरून काहीच धड दिसत नव्हते. आपल्यापुढे आलेला क्षण हा त्या रात्रीचा अपवाद आहे. आगीत सापडलेल्या लोकांनी अनुभवला तो धूर, गोंधळ आणि अंधार. आपण पाहतो ती मात्र स्पष्टता. छायाचित्राने इथे खोटे काही सांगितलेले नाही. त्याने रात्रीतला सर्वांत स्पष्ट क्षण वेचला आणि तोच साऱ्या रात्रीच्या वतीने बोलू लागला.

आता हस्तकामाकडे वळू. त्या काळी वृत्तपत्रात छायाचित्र छापायचे तर त्याचा हाफटोन ब्लॉक करावा लागे. चित्र जाळीतून पुन्हा टिपून लहानमोठ्या ठिपक्यांत मोडले जाई. मोठा ठिपका म्हणजे काळे, बारीक ठिपका म्हणजे उजळ. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत आणि शाई शोषणारा. त्यावर जाळी जाड ठेवावी लागे, नाहीतर सगळ्याचा काळा चिखल होई. रात्री घेतलेल्या धुरकट चित्रात काळ्या-करड्या छटा एकमेकींत मिसळलेल्या असणारच. म्हणून कलाकार मूळ प्रतीवर बारीक ब्रशने कडा ठळक करत आणि उजेड-सावलीतला फरक वाढवत. जगभरच्या दैनिकांत ही रोजची पद्धत होती. मेसन यांच्या चित्रात असे काम भरपूर झाले, इतके की आज आपण पाहतो त्यातला कोणता भाग कॅमेऱ्याचा आणि कोणता ब्रशचा, हे ठिकठिकाणी सांगणे कठीण आहे. हे लपवण्यासारखे नाही आणि क्षुल्लकही नाही. पण त्या ब्रशने सांगितले काय, हे पाहायला हवे. घुमट उभा होता, तो उभाच दाखवला. धूर होता, तो धूरच दाखवला. घटनेत नसलेली वस्तू आणून बसवलेली नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या एका राजधानीतले तितकेच गाजलेले चित्र घेऊ. मे १९४५ मध्ये बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदभवनावर, सोव्हिएत झेंडा फडकवला जातानाचे छायाचित्र येवगेनी खालदेई यांनी घेतले. तिथे झेंडा आधी एकदा फडकवून झाला होता. कॅमेऱ्यासाठी पुन्हा झेंडा फडकवला गेला आणि तो झेंडा खालदेई यांनीच सोबत नेला होता. प्रसिद्धीपूर्वी एका सैनिकाच्या मनगटावरचे एक घड्याळ खरवडून काढले, कारण दोन मनगटांवर दोन घड्याळे म्हणजे लुटीचा संशय. आकाशात धूरही वाढवला. इथे हस्तकामाने एक वस्तुस्थिती पुसली. सैनिकाच्या मनगटांवर काय होते, याबद्दलचा पुरावाच नष्ट केला. मेसन यांच्या चित्रावरील काम या जातीचे नाही. ‘चित्र दुरुस्त केले’ एवढे म्हणून दोन्ही चित्रांना एकाच तराजूत टाकणे अन्यायाचे ठरेल. दुरुस्तीने दिसणे सुधारले की घडलेले बदलले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्या कसोटीवर लंडनचे चित्र बऱ्यापैकी उतरते.

ते उतरत नाही ते चौकटीच्या कसोटीवर. मेसन यांच्या मूळ, विस्तृत चित्रात पुढच्या भागात जळून पोकळ झालेल्या इमारती आहेत. छपरे गेलेली, भिंतींचे नुसते सांगाडे उरलेले, खिडक्यांच्या जागी भगदाडे. मूळ चित्र पाहताना नजर आधी या पडझडीवर अडखळते आणि मग घुमटाकडे जाते. दैनिकाने चित्र छापताना चौकट अशी कापली की यातला बराचसा भाग बाहेर राहिला. साहजिकच घुमट पानाचा राजा झाला आणि उद्ध्वस्त शहर त्याची पार्श्वभूमी. कात्रीने एकही खोटा ठिपका घातला नाही. तिने फक्त प्रमाण बदलले. पण प्रमाण हीच तर या चित्राची बातमी होती. ‘शहराचा गाभा जळाला, त्यात एक चर्च वाचले’ हे एक विधान. ‘चर्च वाचले, भोवती थोडी आग आहे’ हे दुसरे. दोन्हींतल्या वस्तू त्याच, पण वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम वेगळा.

याचा सर्वांत बोलका पुरावा शत्रूनेच दिला. जानेवारी १९४१ मध्ये ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या जर्मन सचित्र साप्ताहिकाने हेच छायाचित्र छापले. तिथे ते लंडन जळत असल्याचा, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या यशाचा पुरावा म्हणून आले. महिन्याभराच्या आत एकच चित्र दोन शत्रुराष्ट्रांत, दोन उलट अर्थांनी लोकांपुढे ठेवले गेले. याहून उद्बोधक गोष्ट युद्धाच्या शेवटी पाहायला मिळाली. दोस्तांच्या विमानांनी भुईसपाट केलेल्या जर्मनीतील कोलोन शहराची १९४५ ची छायाचित्रे पाहा. ढिगाऱ्यांच्या समुद्रात तिथले गॉथिक कॅथीड्रल दोन उंच मनोऱ्यांनिशी उभे आहे. रचना जवळपास तीच, उद्ध्वस्त शहरात ताठ उभे राहिलेले देवालय. तरी लंडनचे चित्र जिद्दीचे ठरले आणि कोलोनचे बहुतांश जगाने पराभवाचे चित्र म्हणून पाहिले. चित्राच्या आतच अर्थ असता, तर सारख्या चित्रांना सारखे अर्थ लाभले असते. अर्थ आला तो मथळ्यातून, छापणाऱ्याच्या हेतूतून आणि युद्ध कोण जिंकले यातून.

मथळ्याची झडती घेतली तर आणखी एक गफलत सापडते. कॅथीड्रल ‘सुरक्षित’ असल्याचे दैनिकाने सांगितले. त्या रात्रीपुरते ते बरेचसे खरे होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक बाँब छप्पर फोडून आत आला होता आणि मुख्य वेदीची नासधूस झाली होती. पुढे एप्रिल १९४१ मध्ये दुसऱ्या बाँबने उत्तरेकडील भागाची मोठी हानी केली. म्हणजे छायाचित्रातल्या दिमाखदार घुमटाखाली जखमी इमारत होती. पश्चिमेकडून, दुरून, रात्री घेतलेल्या चित्रात ती जखम दिसणे शक्यच नव्हते. छायाचित्र इमारतीची बाहेरची आकृती दाखवू शकते, आतली अवस्था नाही. मथळ्याने मात्र आकृतीच्या भरवशावर अवस्थेची ग्वाही दिली.

या साऱ्याहून मोठी गोष्ट चौकटीबाहेर राहिली, ती म्हणजे माणसे. या चित्रात एकही माणूस नाही. त्यामुळे चर्च वाचले हा चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात सेंट पॉल्स आगीपुढे फार दुबळे होते. रेन यांचा घुमट तीन थरांचा आहे. आत विटांचा घुमट, त्यावर माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचे वजन पेलणारा विटांचा शंकू आणि सर्वांत बाहेर लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे. आपल्याला दिसणारा डौलदार घुमट म्हणजे हा बाहेरचा, लाकडाचा आणि शिशाचा थर. दोनशेहून अधिक वर्षे वाळलेल्या त्या लाकडांत एक ठिणगी शिरली असती, तर खाली कळेपर्यंत सारे संपले असते. हे ओळखून ‘सेंट पॉल्स वॉच’ नावाचे स्वयंसेवकांचे पथक रात्रीची राखण करत होते. त्यात वास्तुविशारदांची भरती आवर्जून केली होती, कारण छपरांमधल्या अरुंद वाटा आणि जिने अंधारात तोंडपाठ असणे गरजेचे होते. २९ डिसेंबरला कॅथीड्रलवर आणि लगतच्या आवारात दोन डझनांहून अधिक आगलावे बाँब पडले. एक बाँब तर घुमटाच्या शिशाच्या पत्र्यातच रुतून बसला आणि शिसे वितळू लागले. शेवटी तो बाहेरच्या बाजूला, खालच्या दगडी सज्ज्यावर निसटला आणि तिथे विझवला गेला. नळाला पाणी उरले नव्हते, तेव्हा आधीच भरून ठेवलेले पाणी, हातपंप आणि वाळू यांवर पथकाने रात्र काढली. यात नशिबाचा वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. बाँब आत पडता तर कथा वेगळी झाली असती. पण बाकीचे बाँब जागच्या जागी विझले ते कोणीतरी कुलूप न लावता तिथे जागत होते म्हणून. शेजारच्या इमारती जळाल्या आणि हे चर्च वाचले, यातला मुख्य फरक हाच. सरकारलाही धडा मिळाला. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी ताबडतोब कचेऱ्या-कारखान्यांतून आगीवर पाळतीची सक्ती आणली. छायाचित्रातून या धड्याचा मागमूसही लागत नाही.

शिवाय हे चित्र ज्याचे प्रतिनिधित्व करते असे मानले जाते, त्या लंडनच्या हालअपेष्टांचा भूगोलही त्यात नाही. बाँबहल्ल्यांचा जबर मार बसला तो पूर्व लंडनच्या गोदीलगतच्या कामगारवस्त्यांना, स्टेपनी, पॉप्लर, वेस्ट हॅम अशा भागांना. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मेले, त्यातले जवळपास निम्मे लंडनचे. त्यांतील बहुतेक जण जिथे राहत होते तिथे दुरून दिसणारा घुमट नव्हता, जगाला ओळखू येईल असे काही नव्हते. ज्या भागात रात्री फारसे कोणी राहत नसे, तिथले चित्र साऱ्या शहराच्या दुःखाची खूण बनले. वारसावास्तूंच्या छायाचित्रांचा हा कायमचा धोका आहे. ओळखीची इमारत चटकन लक्ष वेधते, म्हणून अनोळखी चाळीतली मोडतोड मागे पडते.

या विवेचनावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की युद्धकाळात जनतेचे मनोधैर्य टिकवणे हेच वृत्तपत्राचे कर्तव्य होते, त्या वेळी चौकटीचा कीस काढणे म्हणजे शहाणपणाचा अतिरेक. यात तथ्य आहे. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटन जवळजवळ एकटे लढत होते, चित्र सेन्सॉरच्या हातून गेल्यावरच छापता येत होते आणि घाबरलेल्या शहराला आधाराची गरज होती. त्या दिवशीच्या संपादकाला मी दोष देत नाही. पण त्या दिवसाची गरज आणि आजची गरज एक नाही. आज आपण ते चित्र इतिहासाचा पुरावा म्हणून वापरतो आणि पुराव्याला मनोधैर्याची सवलत देता येत नाही. शिवाय पुढच्या भागातले सांगाडे आणि छपरावर जागणारी माणसे यांची माहिती जोडल्याने धैर्याची गोष्ट फिकी पडत नाही. उलट ती चमत्काराच्या हातून सुटून माणसांच्या हाती येते.

दुसरा आक्षेप प्रतीकाच्या बाजूने आहे. लाखो लोकांनी या चित्रात आपली जिद्द पाहिली, ती भावना खरी होती, मग तपशिलांचा हिशेब कशाला? भावना खरी होती यात शंका नाही, आणि ती स्वतःच इतिहासाचा भाग आहे. मात्र तिचा पुरावा म्हणजे लोकांनी चित्र कसे स्वीकारले याच्या नोंदी. चित्रातला धूर आणि घुमट हा तिचा पुरावा नव्हे. प्रतीक लोकांना काय वाटले ते सांगते, दस्तऐवज काय घडले ते सांगतो. एकच कागद दोन्ही असू शकतो, पण कोणत्या वेळी आपण त्याला काय विचारतो आहोत, याचे भान सुटले की बर्लिनच्या वाचकाप्रमाणे आपणही मथळा वाचून चित्र पाहिल्याचे समाधान मानतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चौकट कापलेली, कडा रंगवलेल्या, अर्थ मथळ्यावर अवलंबून, तर मग छायाचित्राला पुरावा म्हणायचेच कशाला? आज यंत्राकडून हवे ते चित्र क्षणात तयार करून मिळते, त्यामुळे हा प्रश्न अधिकच टोचतो. माझे उत्तर असे, की साक्षीदार अपुरे सांगतो म्हणून न्यायालय त्याला हाकलून देत नाही, त्याची उलटतपासणी घेते. मेसन यांच्या चित्राची अशी तपासणी शक्य आहे, हेच त्याचे मोल. ते कोणी, कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या रात्री घेतले हे ठाऊक आहे. त्या जागेवरून घुमट आणि मनोरे कसे दिसतात हे आजही ताडून पाहता येते. अग्निशामक दलाच्या, कॅथीड्रलच्या आणि पालिकेच्या नोंदींशी त्याचा मेळ घालता येतो. विस्तृत चौकट आणि छापलेली चौकट शेजारी ठेवता येते. हवेतून निर्माण केलेल्या चित्राच्या मागे असा धागाच नसतो. तिथे चौकशी सुरू करायला ना गच्ची असते, ना रात्र, ना माणूस. दस्तऐवजी छायाचित्राची विश्वासार्हता ते किती निर्मळ दिसते यावर ठरत नाही. त्याच्याभोवती तपासायला किती गोष्टी उपलब्ध आहेत यावर ती ठरते.

म्हणून ऐतिहासिक वास्तूचे कोणतेही गाजलेले छायाचित्र हाती आले की चार गोष्टी विचारायच्या. चौकटीच्या कडेला काय कापले गेले? हस्तकामाने दिसणे सुधारले की घडलेले बदलले? हेच चित्र विरोधी बाजूने कसे वापरले किंवा वापरता येईल? आणि जे दिसते ते तसे राहावे म्हणून चौकटीबाहेर कोण राबत होते? हे प्रश्न अभ्यासकांपुरते राखून ठेवण्याचे कारण नाही. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मेसन यांचे चित्र द्यायचे असेल, तर ते न कापता द्यावे, लंडन आणि बर्लिन इथल्या दोन्ही वापरांची माहिती शेजारी छापावी आणि त्या रात्री छपरावर असलेल्या पथकाबद्दल चार ओळी लिहाव्यात. एवढी जागा कोणत्याही पानावर निघते. तेवढ्याने विद्यार्थ्याला एका कॅथीड्रलची हकीकत तर कळेलच, पण उद्या त्याच्या फोनवर येणाऱ्या प्रत्येक चित्राकडे पाहण्याची सवयही लागेल. बघताक्षणी विश्वास ठेवणे आणि बघताक्षणी अविश्वास दाखवणे, या दोन्ही आळशी सवयींवर याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.